हलकी गाडी, पण मागे बसणारीचं काय?

प्रश्न : वय 58. माझी 195 किलोची गाडी पार्किंगमधून मागे ओढताना कंबर धरते. पत्नीसह कुंभार्ली घाटाने गणपतीपुळ्याला जातो. हलकी गाडी सुचवा.
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ 220 बघाच. वजन 163 किलो, सीटची उंची 737 मिलिमीटर, त्यामुळे पाय सहज टेकतात. मागे पाठीला आधारही आहे. पण पैसे भरण्याआधी वहिनींना मागे बसवून एक लांब फेरी मारा, खड्ड्यांच्या रस्त्यावरच. गुडघे दुमडतात का, मणक्याला दणका बसतो का, हे त्याच सांगतील. आमच्या हिने दोन गाड्या अशाच नाकारल्या, आणि तिचंच बरोबर होतं. जोडीने निघताना मागचे शॉकअप थोडे कडक करून घ्या, मागच्या टायरची हवाही तपासा.