भटका कोंबडा जखमी सापडलाय, मानेला जखम आहे आणि नुसता बसून आहे, घरी बरा होईल का?

हो, जखम वरवरची असेल तर घरी होतो बरा, पण पहिल्या रात्री खायला घालायच्या मागे लागू नका, आधी ऊब आणि अंधार द्या. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत जुनी चादर, वरून फडकं, बास. कोंबड्याचं अंग मुळातच ४१-४२ डिग्री असतं, मार लागला की गार पडत जातो आणि बरेचदा त्या धक्क्यानेच जातो. आमच्याकडे गावठी कोंबड्या आहेत म्हणून सांगते. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका, मग उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने (अर्धा लिटरला चहाचा एक चमचा) धुवून बेटाडीन पातळ करून लावा. आणि प्लीज चोचीत पाणी ओतू नका, जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ तिकडे जातं. चोचीच्या कडेला थेंब लावला की तो आपसूक गिळतो. मात्र मांजर-कुत्र्याने धरलं असेल, हाड दिसत असेल किंवा जखमेत अळ्या असतील तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, मांजराच्या दातांची जखम वरून टाचणीएवढी दिसते पण आत पू होतो. घरी कोंबड्या असतील तर त्यांच्यात सोडू नका, रक्त दिसलं की टोचतात, शिवाय मानमोडीची (राणीखेत, कोंबड्यांचा संसर्गजन्य रोग) भीती असते.