मारहाण नाही, मग न्यायालयात काय सांगू?

'त्यांनी आजवर माझ्यावर हात उचललेला नाही, मग न्यायालयात सांगायचे तरी काय?' हा प्रश्न मला घटस्फोटाचा विचार करणाऱ्या अनेकांनी विचारला आहे, पुरुषांनीही. ज्या भगिनीची हकिगत येथे सांगत आहे, तिने तो पहिल्याच भेटीत विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ती कोल्हापुरातील एका शाळेत शिक्षिका. पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. घर एक, पण चार वर्षे त्यांनी तिच्याशी थेट शब्द बोललेला नव्हता. जो निरोप असेल तो आठ वर्षांच्या मुलीमार्फत जाई : 'मम्मीला सांग, उद्या डबा नको.' पाहुण्यांसमोर मात्र तिच्या बोलण्यावर 'हिला काय कळतंय' असे हमखास ऐकवले जाई. ती आजारी असताना दोन दिवस शेजारच्या काकूंनी जेवण दिले आणि पती त्याच घरात आपले ताट वाढून घेऊन जेवत राहिले. माहेरचे वडीलधारे म्हणत, 'घरोघरी मातीच्या चुली. मारत नाही, पीत नाही, आणखी काय पाहिजे?' मला हे वाक्य फार अस्वस्थ करते, कारण याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता.

तिला मी प्रथम कायद्याची बाजू समजावून सांगितली. हिंदू विवाह कायदा 1955 चा. परंतु क्रूरता हे घटस्फोटाचे कारण 1976 च्या दुरुस्तीने झाले, तोवर त्यावर केवळ न्यायिक विभक्तता, म्हणजे विवाह न मोडता वेगळे राहण्याचा हुकूम, मिळत असे. कायद्याने क्रूरतेची व्याख्या मुद्दामच बांधून ठेवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या समर घोष खटल्यात मानसिक क्रूरतेची काही उदाहरणे दिली आणि ती यादी परिपूर्ण नसल्याचेही सांगितले. नुसता थंडपणा किंवा जिव्हाळ्याचा अभाव म्हणजे क्रूरता नव्हे. पण सततचा उद्धटपणा, बेपर्वाई आणि उपेक्षा सहजीवन असह्य व्हावे इतकी वाढली, तर ती क्रूरता ठरू शकते. म्हणजे एखादा मोठा प्रसंग सापडत नाही म्हणून तिची बाजू लंगडी पडत नव्हती. वर्षानुवर्षांचे वागणे एकत्र ठेवून पाहायचे होते. पुरावाही फौजदारी खटल्याइतका कठोर लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे हे पाहिले जाते, हे 1975 च्या दास्ताने खटल्यापासून स्पष्ट आहे.

तिची दुसरी भीती अधिक खोल होती : 'इतकी वर्षे त्याच घरात राहिले, म्हणजे मी ते मान्यच केले असे होईल का?' घडलेली क्रूरता क्षमापित झालेली नाही ना, हे न्यायालय तपासते, हे खरे. पण क्षमेत माफ करून नाते पूर्ववत करणे अभिप्रेत असते. मुलीसाठी एका छपराखाली दिवस काढणे ही आपोआप क्षमा होत नाही. शिवाय क्षमा केल्यानंतर तेच वागणे पुन्हा सुरू झाले, तर जुनी तक्रारही पुन्हा जिवंत होते.

याच सुमारास एका नातेवाइकाने तिला अर्जात मारहाण आणि हुंड्याची मागणी 'घालून टाक' असा सल्ला दिला होता. मी तिला कळकळीने सांगितले, की न घडलेले एक वाक्यसुद्धा लिहू नका. ते नीतीला धरून नाही, आणि खोटे, बदनामीकारक आरोप हीच मानसिक क्रूरता ठरल्याचे निकाल आहेत. मग तिच्या खऱ्या दुःखावरचा विश्वासही त्यात बुडाला असता. त्याऐवजी तिने एक वही करावी, आठवतील ते प्रसंग तारीख, महिना, कोण उपस्थित होते, यांसह लिहावेत, आणि काकूंसारख्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे वकिलांना द्यावीत, असे सुचवले.

'लग्नात आता काही उरलेले नाही, एवढे कारण पुरणार नाही का?' असेही तिने विचारले. विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे, हे स्वतंत्र कारण कायद्यात यावे अशी शिफारस विधी आयोगाने 1978 मध्येच केली, तरी ते अद्याप आलेले नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम 142 मधील आपल्या विशेष अधिकाराखाली अशा कारणावर विवाह संपुष्टात आणू शकते, असे 2023 मध्ये ठरले. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. तेथे एक तर क्रूरतेसारखे कारण सिद्ध करायचे, नाही तर परस्पर संमतीने जायचे. संमतीच्या अर्जाआधी एक वर्ष विभक्त राहणे लागते. पण एका घरात राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणे त्यात बसते, हे न्यायालयाने 1991 मध्येच मान्य केले आहे.

पाचव्या महिन्यात पती भेटीस आले. वहीची दोन पाने वाचून ते बराच वेळ गप्प होते. मग तिच्याकडे पाहून म्हणाले, 'एवढं लिहून ठेवलंस?' त्यांचे लग्न सावरले नाही. त्यानंतर चार बैठकींत परस्पर संमतीच्या अटी ठरल्या : मुलगी आईकडे राहील, रविवारी आणि निम्म्या सुट्टीत वडिलांकडे, शाळेचा खर्च निम्मा-निम्मा. शेवटची अट तिने स्वतः लिहून आणली होती. मुलीविषयीचे कोणतेही बोलणे आईवडील एकमेकांशी थेट करतील, तिच्या हाती निरोप देणार नाहीत. वडिलांनी सही सर्वांत आधी त्या पानावर केली.