पाइपला हात लावण्याआधीची पाच मिनिटं

पेट्रोल-डिझेलचे टँकर चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी बरेच आले. त्यांतले पाच घेतो. टँकरचालकांच्या आरोग्य तपासण्या करताना हेच प्रश्न मला रोज भेटतात, फक्त तिथे ते निघता निघता, दाराची कडी धरून विचारले जातात.

गाडी कितीही तास चालवली तरी काही होत नाही. टँकर रिकामा करायला पाइप उचलला की कंबर धरते. वय ५६.

दोष पाइपला देता, पण कंबरेची वाट सीटवरच लागलेली असते. तीन-चार तास बैठक, त्यात इंजिनाची आणि रस्त्याची थरथर. मणक्यांना धरून ठेवणारे बंध तेवढ्यात सैलावतात आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर मागच्या बाजूला ताण येतो. त्याच अवस्थेत उतरून लगेच वाकलात, तर चमक भरणारच. म्हणून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं जड वस्तूला हात लावायचा नाही. ही मिनिटं फुकट जात नाहीत. चाकांना ठोकळे लावा, अर्थिंगची तार जोडा, कागद तपासा, पंपावरच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण योग्य कप्प्याचंच आहे ना ते बघा. ही सगळी कामं उभ्यानं आणि चालत होणारी आहेत, कंबरेला तेवढंच हवं असतं.

आता पाइप. तीन इंची पाइपच्या प्रत्येक मीटरमध्ये साधारण साडेचार लिटर तेल मावतं, चार इंचीमध्ये आठ. सहा मीटरचा चार इंची पाइप भरलेला राहिला, तर आत जवळजवळ ५० लिटर. डिझेल असेल तर चाळीस किलो, पाइपचं वजन वेगळं. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर घाई नको. टँकरकडचं टोक सोडवून उंच धरा आणि हात सरकवत सरकवत टाकीच्या तोंडापर्यंत जा, म्हणजे आतलं तेल टाकीतच निथळेल. पाइप एका वेळी एकाच टोकानं उचला, बाकीचा जमिनीवर राहू द्या. कपलिंग, म्हणजे पाइपच्या टोकाचा जोड, पोटाजवळ धरा. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर पिळू नका. आणि जोर लावताना श्वास कोंडून धरू नका, तेवढ्या क्षणात रक्तदाब उसळतो. शेजारी मदतनीस उभा असेल तर त्याला हाक मारा. एकट्यानं उचलून दाखवायचं वय आपलं गेलं.

टँकरवर चढताना ठीक वाटतं, उतरताना गुडघा दगा देतो. वय ५९.

उतरताना मांडीच्या स्नायूंना सगळं वजन हळूहळू खाली सोडायचं असतं. चढण्यापेक्षा गुडघ्याला हे काम जास्त जाचतं. तोंड शिडीकडे ठेवूनच उतरा, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. हातात काही नको. डिपची, म्हणजे तेलाची पातळी मोजायची, पट्टी खालून वर आणि वरून खाली दुसऱ्यानं द्यावी. चढण्याआधी बुटाचा तळ पुसा. डिझेल उडत नाही, पायरीवर तसंच बसून राहतं.

आणि केबिनमधून उडी मारायची सवय असेल, तर ती आजच सोडा. शेवटच्या पायरीवरून मारलेली छोटी उडीसुद्धा गुडघ्याला अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट पडते.

कंबर शेकायचा बॅटरीवरचा पट्टा काम करताना बांधला तर चालेल?

केबिनबाहेर अजिबात नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचते. तिला बॅटरीच्या वस्तूतली ठिणगीही पुरते. श्रवणयंत्रही बॅटरीवरच चालतं. वापरत असाल, तर माल भरण्या-उतरवण्याच्या जागेत ते चालतं का, हे आधी तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा.

रात्री समोरून गाडी गेली की काही क्षण काहीच दिसत नाही. पिवळा चष्मा घेऊ का?

नको. पिवळी काच आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करते. वयानुसार बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर पोहोचणारा उजेड विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो. मोतीबिंदूची तपासणी करा, आणि समोरची काच आतून पुसा. तो तेलकट थर दिवसा दिसतच नाही. अंतरही वाढवा. कप्पा अर्धवट भरलेला असेल तर ब्रेक दाबल्यावर तेल पुढे येऊन गाडीला ढकलतं, आणि डोळे दिपलेले असताना ब्रेकवर पाय उशिराच जातो.

वडील ६२ वर्षांचे आहेत. साखर आणि रक्तदाब दोन्ही आहे. वाटेत लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, गोळीही टाळतात. काय करावं?

रागावू नका. गाडी उभी करायला जागा मिळत नाही, वेळेचा तगादा असतो, त्यातून त्यांनी काढलेला हा मार्ग आहे. पण तो महागात पडतो. उन्हात पाइप ओढताना पाणी कमी पडलं की चक्कर येते, आणि शिडीवर चक्कर म्हणजे तीन मीटरवरून खाली. गोळी बंद करण्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या बाबतीत हे पुष्कळदा जमतं. प्रोस्टेटसाठी काही घेत असतील तर तेही सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी उठून उभं राहताच रक्तदाब उतरतो.

इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी चालू असेल, तर निघण्याआधी बोट टोचून साखर बघणं सक्तीचं समजा. वाटेत घाम, थरथर, चिडचिड जाणवली तर गाडी बाजूला, चावी बाहेर, मग गोड. साखर सावरल्यावरही किमान पाऊण तास स्टिअरिंगला हात नको, मेंदू मागून सावरतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. ते जोरात घोरतात का, मध्येच श्वास थांबून दचकतात का? शर्टाची कॉलर ४३ सेंटिमीटरच्या वर असेल तर झोपेत श्वास अडकण्याची शक्यता वाढते, आणि अशा माणसाला आठ तास झोपूनही दुपारी गाडीवर पेंग येते. हे आईंना विचारा. वडिलांना स्वतःला विचाराल, तर ते नाहीच म्हणतील.