आईला व्यसनमुक्तीसाठी दाखल करायचं आहे, मग लेकरांचं काय?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की ताई दारू सोडायला तयार आहे, पण पदरात सव्वा वर्षाची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. भाऊजी म्हणतात, "जायचं तर जा, लेकरं इथंच राहतील, मग परत मिळतात का बघू." नागपुरात लेकरांसकट ठेवून घेणारं केंद्र आहे का, असा तुमचा प्रश्न. मी व्यसनमुक्तीच्या कामात समाजसेविका आहे आणि बायकांसोबत जास्त काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायदा, कारण ताईचा पाय त्या धमकीनं अडलाय. दारू-नशेतून होणारे मानसिक आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात धरले आहेत. त्याच्या कलम २१ प्रमाणे, दाखल झालेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. मुलाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण तेव्हाही देखरेखीखाली आईची आणि मुलाची भेट झालीच पाहिजे, दर १५ दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे, आणि एका वेळी ३० दिवसांच्या वर ताटातूट करायची तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. "आमच्याकडे लहान मूल चालत नाही" असं कोणी म्हटलं की हे कलम लेखी पुढे ठेवा. म्हणजे धाकटीला सोबत नेण्याचा हक्क ताईकडे आहे.

ताब्याचं म्हणाल, तर हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं. मोठ्याच्या बाबतीत कोर्ट मुलाचं हित बघतं, आणि स्वतःहून उपचार घेतलेल्या आईची बाजू तिथे भक्कम होते. ॲडमिशनचा, डिस्चार्जचा, ओपीडीचा प्रत्येक कागद जपून ठेवा. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता केंद्राचं. आई आणि लेकरं एकत्र राहतील अशी सोय अमेरिकेत आहे. गरोदर आणि बाळंत बायकांच्या निवासी उपचाराला तिथलं केंद्र सरकार वेगळा निधी देतं आणि मुलांची देखभाल त्यातच येते. आपल्याकडची बहुतेक केंद्रं पुरुषांना धरूनच उभी राहिली. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के निघाल्या, मग बायकांसाठी खाटा कोण ठेवणार! त्याच पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बायकांना तर त्याआधी घरचा उंबरठा ओलांडायचा असतो. म्हणून तयार केंद्र शोधत महिने घालवू नका, व्यवस्था आपण जुळवायची.

त्यातला पहिला टप्पा हॉस्पिटलचा. ताईला घरी एकदम दारू बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, बडबड, ताप सुरू झाला तर जिवावर बेतू शकतं. नागपुरातली मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी कुठल्याही सरकारी हॉस्पिटलातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा. थायामिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं आणि झोपेच्या गटातली औषधं डॉक्टर बघून देतील आणि हळूहळू कमी करतील. सरकारी वॉर्डात पेशंटसोबत नातेवाईक थांबतोच, त्या जागी तुमच्या आई किंवा मावशी थांबल्या तर धाकटीची सोय आपोआप होते. ताई अंगावर पाजत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, औषधं त्याप्रमाणे ठरतात. आणि गुंगीच्या औषधांच्या दिवसांत बाळाला तिच्याच खाटेवर झोपवू नका, आईचं अंग बाळावर पडू शकतं.

मी वॉर्डात एक आई पाहिली. तान्हं बाळ सासरी ठेवून घेतलेलं, छाती दुधानं दगडासारखी झालेली, हात इतके कापत होते की कपड्यांच्या गुंड्या लागत नव्हत्या. ती रात्री दूध बेसिनमध्ये पिळायची आणि सकाळी "घरी जाते" म्हणायची. तिला दारूनं नाही, बाळानं ओढून नेलं. बायका उपचार अर्धवट का सोडतात, असं लोक मला विचारतात, तेव्हा मला ती आठवते.

हॉस्पिटलनंतर समुपदेशनासह निवासी उपचार हवा असेल तर पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. नागपुरातलं खाजगी केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघा, रात्री महिला कर्मचारी असतात का विचारा, भेटीचे आणि फोनचे नियम लिहून घ्या. "गाडी पाठवतो, उचलून आणतो" म्हणणाऱ्याकडे फिरकूही नका. ताई स्वतःच्या सहीनं दाखल होतेय, ही तिची ताकद आहे.

मोठ्याला मात्र तुमच्या घरी ठेवा, जमलं तर शाळा न बदलता. सात वर्षांचं पोर घरात काय चाललंय ते सगळं जाणतं. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी आईच्या तोंडाचा वास घेणारी लेकरं मी पाहिली आहेत. त्याला "आई गावाला गेली" सांगू नका. "आईला दारूचा आजार आहे, डॉक्टर बघताहेत, यात तुझी चूक नाही" एवढं सांगा, रोज ठरलेल्या वेळी फोन लावून द्या, आणि नियमानं भेटीला न्या. घरचे कोणीच सांभाळायला नसतील तरच बालकल्याण समितीचा आणि बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशा मुलांसाठीच्या सरकारी व्यवस्थेचा, विचार करा. अडचणीला १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच.

परतल्यावर काय, हे दाखल करायच्या आधीच ठरवा. भाऊजी घरात पीत असतील तर पहिले काही महिने ताईला आणि लेकरांना तुमच्याकडे राहू द्या. पुन्हा घोट गेला तर आरडाओरडा न करता त्याच आठवड्यात ओपीडीला न्या, या आजारात असं होतं आणि त्यावर उपचार चालू ठेवता येतो. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभा मोफत असतात, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, तिथे तुम्ही स्वतः जा. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे मोफत नंबर. फोन ताईला स्वतःला लावू द्या, तुम्ही शेजारी बसा. भाऊजी लेकरांना धरून ठेवतील असं वाटत असेल तर ॲडमिशनच्या आधीच विधी सेवा प्राधिकरणात एक अर्ज देऊन ठेवा.