वाचकांचे प्रश्न : अग्निशामक रिफिलिंग आणि परवाना

प्रश्न : माझ्याकडे शॉप ॲक्ट नोंदणी आणि जीएसटी क्रमांक आहे. अग्निशामक सिलिंडर रिफिल करून सोसायट्यांची वार्षिक देखभालही घ्यायची आहे. एवढ्या कागदांवर काम सुरू करता येईल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीची यंत्रणा बसवणं आणि तिची देखभाल करणं हे परवानाधारक एजन्सीचंच काम आहे. हा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडून घ्यावा लागतो.

कार्बन डायऑक्साइडचं प्रकरण आणखी वेगळं. हा उच्च दाबाचा सिलिंडर असल्याने त्याला गॅस सिलिंडर नियम, 2016 लागतात. तो भरायचा असेल किंवा त्याची दाबचाचणी करायची असेल, तर नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) मंजुरी हवी. संचालनालयाचा परवाना तिथे चालत नाही. सुरुवातीला हे काम मंजुरी असलेल्या केंद्राकडूनच करून घ्या आणि चाचणीचा दाखला ग्राहकाच्या फाइलला लावा. ही चाचणी दर 5 वर्षांनी, पावडरच्या सिलिंडरची दर 3 वर्षांनी.

पावडर भरताना जास्त चुका होतात. एबीसी पावडर (लाकूड-कागद, तेल आणि वायूच्या आगींसाठीची) आम्लधर्मी, तर सोडियम बायकार्बोनेटची बीसी पावडर (फक्त तेल आणि वायूच्या आगींसाठीची) अल्कधर्मी. एकाच नरसाळ्यातून दोन्ही भरल्या तर त्यांची अभिक्रिया होऊन गोळे धरतात आणि ऐन वेळी नळीतून काही येत नाही. दाबासाठी कोरडा नायट्रोजनच वापरा; साध्या कॉम्प्रेसरची हवा पावसाळ्यात ओल आत नेते. व्हॉल्व्हच्या बैठकीवर पावडरचा कण राहिला तरी महिनाभरात दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यातून खाली येतो, म्हणून बैठक पुसा आणि ओ-रिंग नवी घाला.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एजन्सी फक्त स्टिकर लावून जाते. ते पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. यंत्रणा प्रत्यक्ष चालू नसताना असं प्रमाणपत्र देण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे सही घेण्याआधी पंप चालवून दाखवायला सांगा, आणि तुमची यंत्रणा एजन्सीच्या परवान्यात बसते का तेही पाहा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबमापकाचा काटा नसतो, तो समोर वजन करून घ्या. 4.5 किलोच्या सिलिंडरमधला वायू 450 ग्रॅमहून जास्त घटला असेल, तर तो पुन्हा भरायलाच हवा.