मेनूसाठी एकच फाइल पुरते

लिनक्सच्या मेनूत तुझं ॲप दिसत नाही म्हणून ग्नोम डेस्कटॉपसाठी एक, केडीई डेस्कटॉपसाठी दुसरी अशा फायली करत बसू नकोस. लिनक्स डेस्कटॉपसाठी सामाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या ठरलेल्या नमुन्याची एकच 'डॉट डेस्कटॉप' फाइल, म्हणजे मेनूला ॲपची माहिती देणारी छोटी मजकूर फाइल, लिही. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई तिघंही तीच वाचतात. त्यातली कॅटेगरी, म्हणजे मेनूतला वर्ग, मात्र मनाने ठोकू नकोस. मी हौसेने 'मराठी' असा वर्ग लिहिला होता, ॲप गेलं थेट 'इतर'मध्ये! फ्रीडेस्कटॉपच्या यादीतलंच ऑफिस, एज्युकेशन, युटिलिटी असं काहीतरी घे आणि शेवटी अर्धविराम (;) दे. मराठी नाव हवंय? नावाच्या ओळीतल्या 'नेम'ला जोडून चौकटी कंसात 'एमआर' हा मराठीचा कोड लिहून वेगळी ओळ टाक, मूळ इंग्रजी ओळ तशीच राहू दे. मग फाइल तपासणारी 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' ही आज्ञा चालव. कटकट करते, पण नेमकी चूक दाखवते.