गाडी ऑइल खातेय, पण इंजिन खोलायची घाई नको

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे २००६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडर, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. सकाळी स्टार्ट केली की मागून निळसर धुराचा एक भपकारा येतो आणि मग बंद होतो. परवा कराडहून चिपळूणला गेलो, कुंभार्ली घाट उतरलो आणि खाली सपाटीला लागून ऍक्सिलरेटर दिला तर इतका धूर की मागचा बाईकवाला हॉर्नच मारत सुटला. ऑइल हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर टाकावं लागतंय. एक मेकॅनिक म्हणतो रिंगा गेल्या, हाफ इंजिन करा. दुसरा म्हणतो जाड ऑइल टाका आणि चालवा बिनधास्त. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, विकायची नाही. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर : सगळ्यात आधी, हाफ इंजिनला, म्हणजे इंजिन खोलून रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) वगैरे बदलायच्या कामाला, हो म्हणू नका. निदान अजून तरी. तुम्ही धूर कधी येतो ते इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान तिथेच झालं. धूर कसा दिसतो यापेक्षा तो कधी येतो हे जास्त सांगून जातं, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच कोणी विचारत नाही, सायलेन्सरकडे एकदा बघतात आणि "रिंगा गेल्या" म्हणून मोकळे होतात.

तुमच्या पत्रावरून मला पहिला संशय व्हॉल्व सीलवर येतो. व्हॉल्व म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झडपा. व्हॉल्वची दांडी ज्या गाईडमधून वरखाली होते त्याच्या टोकावर एक छोटं रबरी सील असतं, हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल गाईडमधून खाली जाऊ नये म्हणून. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते रबर कडक होतं, मग ते दांडीला धरत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की थोडं थोडं ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला जळतं, तोच तुमचा भपकारा. घाटात उतरताना पाय ऍक्सिलरेटरवरून काढलेला असतो, थ्रॉटल बंद, पण चाकं इंजिनला फिरवतच असतात, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो ढिल्या सीलमधून ऑइल ओढतो, खाली येऊन ऍक्सिलरेटर दिलात की ते सगळं एकदम जळून बाहेर. सिग्नलला बराच वेळ आयडलवर थांबून निघताना पण असाच धूर येतो का ते बघा, आला तर संशय अजून पक्का.

रिंगांचा धूर वेगळ्या वेळी येतो. चार माणसं, सामान, दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताय आणि मागे सतत निळी रेघ, म्हणजे लोडवर धूर, ते रिंगांचं लक्षण. शिवाय इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढलं की आतून फसफसून वाफ आणि दाब येतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, घाट उतरल्यानंतरचा धूर खराब ऑइल रिंगमुळे पण येऊ शकतो, तोच व्हॅक्यूम रिंगांच्या बाजूने पण ऑइल ओढतो. म्हणून नुसत्या घाटावरून निकाल लावू नका, सकाळचा भपकारा जास्त विश्वासाचा. आणि मग मोजून बघायचं.

मोजण्याआधी दोन स्वस्तातल्या गोष्टी तपासा. एक म्हणजे गळती. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचा तळ, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचं सील, इथे कुठे ओलं दिसतंय का? हजारला अर्धा लिटर जातंय त्यातलं सगळंच जळतंय असं नाही, काही रस्त्यावर पण पडत असेल. दुसरं पीसीव्ही व्हॉल्व. इंजिनच्या पोटात जमणारा गॅस परत इनटेकमध्ये सोडणारा हा छोटा व्हॉल्व, तो काजळीने जाम झाला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं, उघडाच अडकला तर सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं. काढून हलवला तर बऱ्याच गाड्यांमध्ये तो खुळखुळ वाजतो, वाजला नाही तर बदला. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलंय का ते पण बघा. अगदी किरकोळ खर्चाचा पार्ट आहे हा आणि याच्यापायी लोकांनी इंजिनं खोललेली आहेत, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेज लावून मोजणं. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, फ्युएल आणि इग्निशन बंद, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. अशा छोट्या पेट्रोल इंजिनला साधारण १२ ते १४ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) कॉम्प्रेशन मिळालं तर तब्येत चांगली, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का हे महत्त्वाचं, एकमेकांत किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्याच्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड पॅकिंग. काढलेले प्लग पण फेकू नका, क्रमाने मांडून बघा, एकच काळा आणि तेलकट असेल तर गडबड त्याच सिलिंडरची.

यात एक ग्यानबाची मेख आहे. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून काढते तिसरी, ऑइल रिंग, आणि ती कार्बनने जाम झालेली असली तरी कॉम्प्रेशन अगदी झकास येऊ शकतं. तेव्हा कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा शंभर टक्के सुटल्या असं नाही. असा संशय असेल तर प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं क्लीनर टाकून रात्रभर ठेवतात, सकाळी प्लग न लावताच सेल्फ मारून सगळं बाहेर काढतात (प्लग लावून मारला तर पिस्टनवर साठलेल्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, हे मेकॅनिकला आठवणीने सांगा) आणि मग ऑइल, फिल्टर दोन्ही नवीन. दर वेळी जमतंच असं नाही, पण इंजिन खोलण्याआधी करून बघण्यासारखं नक्की आहे.

सीलच निघाली तर खूश व्हा, हेड उतरवायची पण गरज नाही. जाणकार मेकॅनिक पिस्टन वर येत असताना, दोन्ही व्हॉल्व बंद असताना, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरतो आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन दोरीला टेकवतो, म्हणजे व्हॉल्व खाली पडत नाहीत, मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे आणि सील बदलायचं. कोणी दोरीऐवजी कॉम्प्रेसरची हवा लावतात. फक्त सील निघाल्यावर व्हॉल्वची दांडी हाताने हलवून बघायला सांगा, गाईडमध्ये खेळ जास्त असेल तर नवीन सील पण थोड्याच दिवसांत जाईल आणि मग हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावंच लागेल. टायमिंग बेल्ट जुना असेल तर याच कामात उरकून घ्या.

आणि खरंच रिंगाच निघाल्या तर? तर आधी बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, मोजायला लावा, समोर उभं राहून. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून (भिंत बारीक घासून) स्टँडर्ड रिंगा चालतात, नाहीतर ओव्हरसाईज पिस्टन आणायचे आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअरिंग करायचं. गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये होनिंग न करता नुसत्या नवीन रिंगा टाकल्या तर त्या बसत नाहीत, पैसे जातात आणि धूर तिथेच.

जाड ऑइलचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये आपल्याकडच्या तापमानाला चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो, त्यातला जाड ग्रेड, समजा १०डब्ल्यू-४० चालत असेल, तर जरूर वापरा, खप थोडा कमी होईल. तक्त्याबाहेर जाऊन २०डब्ल्यू-५० ओतू नका, थंड इंजिनात ते वर हेडपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) कोरडा फिरतो. धूर बंद करणाऱ्या बाटल्या बहुतेक वेळा ऑइल घट्ट करायचंच काम करतात, सील काही परत मऊ होऊन धरत नाही.

काम होईपर्यंत मात्र दर ५०० किलोमीटरला डिपस्टिक बघा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, पुसून परत घालून. किती टाकलं आणि मीटर किती होता ते लिहून ठेवा. बऱ्याच गाड्यांमध्ये मॅक्स ते मिन म्हणजे साधारण एक लिटर, तुमच्या हिशोबाने २००० किलोमीटरमध्ये तुम्ही मिनला येता. लोक लाल दिव्याची वाट बघतात. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर गेलं की लागतो, आणि तोवर बेअरिंगला उपास घडलेला असतो. थोडं ऑइल जाळत पण लेव्हल राखलेली इंजिनं वर्षानुवर्षं चालतात, जीव जातो तो लेव्हल न बघितल्याने.

पीयूसी पास झाली म्हणून पण निवांत राहू नका. पेट्रोल गाडीची ती टेस्ट कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, सकाळचा निळा भपकारा तिथे पोचेपर्यंत संपलेला असतो. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) हळूहळू निकामी करतो आणि तो पार्ट सीलच्या कितीतरी पट महाग. तुमची गाडी २००६ ची, म्हणजे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत रिन्यूअल आलंच, त्याआधी हे उरकलेलं बरं.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाण्याचे थेंब येतात. इंजिन गेलं का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही हो. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होतेच, नागपूरच्या थंडीत ती गार सायलेन्सरमध्ये थंड होऊन तिचे बारीक थेंब होतात आणि धुरासारखी दिसते. इंजिन गरम झाल्यावर थांबत असेल आणि कूलंटची लेव्हल जागेवर असेल तर विसरून जा. गरम झाल्यावर पण दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होतंय, तर हेड पॅकिंग तपासून घ्या आणि तोवर गाडी लांब नेऊ नका. ऑइलच्या झाकणाला चहावरच्या सायीसारखं काही दिसलं तर लगेच घाबरू नका, थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांकडे ते नुसत्या ओलाव्याने पण होतं, डिपस्टिकवर पण तसंच दिसलं तर मात्र गंभीर. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडू नका.

प्रश्न : जुनी टर्बो डिझेल जीप आहे. पिकअप कमी झालाय, निळा धूर मारते, ऑइल पण कमी होतं. मेकॅनिक नोझल बदला म्हणतो. — एक वाचक, लातूर

उत्तर : नोझलची (डिझेल फवारणाऱ्या तोटीची) गडबड असली तर धूर बहुतेक काळा असतो. निळा धूर, पिकअप कमी आणि ऑइल कमी, हे तिन्ही एकत्र आलं की आधी टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, बघायचा. टर्बोपासून इंटरकूलरला (ती हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणारा पाईप काढा, आत थोडा ओलावा चालतो, ऑइल साचलेलं असेल तर चालत नाही. शाफ्ट बोटाने हलवून बघा, चाकाची पाती बॉडीला घासायला नको. नवा टर्बो घेण्याआधी त्याची ऑइल रिटर्न पाईप आणि इंजिनचा ब्रीदर (आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोक नाही ना हे पण तपासा, नाहीतर नवा टर्बो पण तसाच ऑइल सोडायला लागेल.

आणि हे काम पुढे ढकलू नका. टर्बोमधून जास्त ऑइल इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालायला लागतं, चावी काढली तरी बंद होत नाही आणि रेस आपोआप चढत जाते. असं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करा. ते जमलं नाही तर सगळ्यांना खाली उतरवून लांब न्या, बॉनेट उघडून हाताने इनटेक बंद करायला कोणी जाऊ नका.